ओकलंडचा ऑक्टोबर कोणाचा?

१४ ऑक्टोबर १९७३. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कोलिझियमवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, दुसरा सामना सुरू होता. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगांचा असतो, पण बरोबरी सुटेना म्हणून तो लांबत बाराव्या इनिंगमध्ये गेला. तिथे ओकलंड ॲथलेटिक्सच्या माइक अँड्र्यूजकडून लागोपाठ दोन चुका झाल्या. एक चेंडू पायांमधून निसटला, आणि पुढच्या वेळी त्याची फेक चुकली. न्यूयॉर्क मेट्सने तो सामना १०-७ असा जिंकला.

संघाचे मालक चार्ली फिनली भडकले. सामना संपताच त्यांनी अँड्र्यूजची वैद्यकीय तपासणी करवली आणि खांदा दुखावल्यामुळे तो खेळू शकत नाही, अशा आशयाच्या कागदावर त्याची सही घेतली. उद्देश सरळ होता. जखमी ठरवलं की त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. अँड्र्यूज मान खाली घालून घरी गेला. त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र मान खाली घातली नाही. दुसऱ्या दिवशी ते सरावाला आले ते बाहीवर पट्टीने १७ हा आकडा चिकटवून. तो अँड्र्यूजचा नंबर. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी हस्तक्षेप केला आणि अँड्र्यूजला संघात परत आणलं. चौथा सामना न्यूयॉर्कला होता. तिथे अँड्र्यूज बॅट घेऊन मैदानात उतरला तेव्हा शे स्टेडियमवरचे प्रेक्षक, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षक, उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. त्याचा फटका साधा निघाला, तो बाद झाला, आणि त्यानंतर मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा कधीही खेळला नाही. ओकलंडने ती सिरीज सातव्या सामन्यात जिंकली. विजेत्या संघाचे व्यवस्थापक डिक विल्यम्स सिरीज संपताच राजीनामा देऊन निघून गेले.

हा प्रसंग मी आधी सांगितला, कारण संघ लास वेगासला चालला असताना त्याचा इतिहास कोणाकडे राहावा, हा आज ओकलंडमध्ये जो वाद आहे तो त्यात आधीच मांडलेला आहे. संघ मालकाचा असतो हे खरं. पण १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये जे घडलं ते कोणाचं? फिनलींचं? की बाहीवर पट्टी लावणाऱ्या खेळाडूंचं, आणि ज्यांनी ते पाहिलं, मुलांना सांगितलं, पन्नास वर्षं जपलं त्यांचं?

मी २००६ साली नोकरीसाठी ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला आलो. बेसबॉल मला तिथेच कळला, आणि तो शिकवला कोलिझियमच्या उजव्या बाजूच्या स्वस्त बाकड्यांवरच्या लोकांनी. फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेने थेट कोलिझियम स्टेशन, तिथून पादचारी पूल ओलांडला की मैदान. त्या बाकड्यांवर झेंडे फडकत असत आणि ड्रम अखंड वाजत असत. पुण्यात वाढलेल्या माणसाला तालाची आणि गर्दीची ओळख पटायला वेळ लागत नाही. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲथलेटिक्सने मिनेसोटाला तीन सामन्यांत घरी पाठवलं, आणि मला वाटलं हे दर वर्षी होत असेल. शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंनी मला थांबवून २००० ते २००३ ची चार वर्षं समजावून सांगितली. चारही वर्षी संघ पाच सामन्यांच्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि चारही वेळा तोच सामना हरला.

त्यातला २००१ चा प्रसंग तर त्यांनी हातवारे करून दाखवला होता. न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध पहिले दोन सामने जिंकलेले, तिसरा १३ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर, सातवी इनिंग, यँकीज १-० पुढे. टेरेन्स लाँगचा फटका उजव्या रेषेलगत दूर गेला आणि पहिल्या बेसवरून ओकलंडचा जेरेमी जिआंबी धाव पूर्ण करायला धावत सुटला. सीमेकडून आलेली फेक मधल्या दोघांच्याही डोक्यावरून गेली, आता बरोबरी होणार असं सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात यँकीजचा डेरेक जीटर, जो त्या जागी असायचं काही कारणच नव्हतं, मैदान तिरपं कापत आला, चेंडू उचलला आणि धावता धावता उलट्या हाताने कॅचर होर्हे पोसाडाकडे टाकला. जिआंबी घसरत न येता उभ्यानेच आला. पोसाडाने त्याच्या पायाला चेंडू टेकवला आणि तो बाद झाला. सामना १-० असाच संपला आणि पुढचे दोन्ही ओकलंड हरलं. अमेरिकेत तो क्षण जीटरची करामत म्हणून दाखवतात. ओकलंडमध्ये तो ‘जिआंबी घसरला का नाही’ म्हणून आठवतात. एकच फेक, पण दोन शहरांच्या दोन आठवणी. यँकीजची आठवण न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित आहे. ओकलंडच्या आठवणीचं काय, हा प्रश्न आहे.

कारण संघ गेला. लीगच्या मालकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ३०-० मतांनी ॲथलेटिक्सला लास वेगासला जायला परवानगी दिली. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियमवर शेवटचा सामना झाला. सध्या संघ सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानात खेळतो आणि नावापुढे कुठल्याच शहराचं नाव लावत नाही, नुसतं ‘ॲथलेटिक्स’. २०२८ पासून लास वेगास. आणि सामानासोबत सगळा इतिहासही जातो. १९७२, ७३ आणि ७४ ची सलग तीन विजेतेपदं, जी यँकीज सोडले तर दुसऱ्या कुठल्याही संघाने कधी मिळवलेली नाहीत, ती उद्या लास वेगासच्या संघाची म्हणून मोजली जातील. १९८९ चंही.

माझं म्हणणं असं की हे चूक आहे, आणि ते कायद्याने आणि कराराने रोखता येतं. मालक संघ घेऊन जाऊ शकतो. नाव, रंग, विक्रम आणि विजेतेपदं यांवर मात्र ज्या शहरात ती मिळाली त्या शहराचा हक्क असला पाहिजे.

१९८९ बद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण त्या वर्षी खेळ आणि शहर वेगळे काढताच येत नाहीत. वर्ल्ड सिरीज होती ओकलंड आणि खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये. ओकलंडने पहिले दोन सामने जिंकले होते. १७ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर तिसरा सामना सुरू व्हायच्या बेतात असताना, ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ६३ माणसं गेली. त्यातली ४२ माणसं एकट्या ओकलंडमध्ये, सायप्रस स्ट्रीटचा दुमजली महामार्ग कोसळून. ही पश्चिम ओकलंडची कामगार वस्ती. वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला आणि मधल्या गाड्या चिरडल्या गेल्या. आजूबाजूच्या घरांतले आणि कारखान्यांतले लोक शिड्या, दोर, हाताला येईल ते घेऊन धावले. बचाव पथकं येण्याआधी पहिली माणसं त्यांनी बाहेर काढली. दोन्ही संघ स्थानिक असल्यामुळे अनेक जण कामावरून लवकर निघून टीव्हीसमोर बसले होते, म्हणून त्या वेळी रस्त्यावर नेहमीइतकी गर्दी नव्हती, असं तेव्हापासून सांगतात.

ॲथलेटिक्सचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डेव्ह स्टुअर्ट ओकलंडमध्येच वाढलेला. सामने थांबलेले असताना तो कोसळलेल्या महामार्गाजवळ जात राहिला आणि ढिगारा उपसणाऱ्यांसोबत उभा राहिला. दहा दिवसांनी सिरीज पुन्हा सुरू झाली, तेव्हा मानाचा पहिला चेंडू बचावकार्य करणाऱ्यांनी टाकला. ओकलंडने चारही सामने जिंकले. स्टुअर्ट सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मृतांची आठवण ठेवून संघाने त्या रात्री शॅम्पेन उडवलं नाही.

आता हे विजेतेपद लास वेगासचं कसं होणार? वाळवंटातल्या त्या नव्या मैदानात मोठ्या पडद्यावर १९८९ ची चित्रफीत दाखवतील तेव्हा तिथल्या प्रेक्षकाला काय दिसेल? चेंडू, फटके, मिठ्या. सायप्रस स्ट्रीट दिसणार नाही. लास वेगासच्या लोकांचा यात काहीही दोष नाही. त्यांनाही स्वतःचा ऑक्टोबर मिळायला हवा, पहिल्यापासून स्वतः कमावलेला. दुसऱ्याच्या घरातला फोटो भिंतीवर लावून कोणाचीच आठवण तयार होत नाही.

यावर पहिलं उत्तर असं येतं की ओकलंडच्या लोकांनी मैदान रिकामं ठेवलं म्हणून संघ गेला. हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचे आकडे तोंडपाठ झालेत. १९७९ च्या अख्ख्या हंगामात कोलिझियमला ३ लाख ६ हजार प्रेक्षक आले आणि त्या वर्षीच्या एका सामन्याला फक्त ६५३. तेव्हा मालक फिनली होते, विजेते खेळाडू हातचे निघून गेलेले होते. १९८० मध्ये वॉल्टर हास यांच्या कुटुंबाने संघ घेतला, खेळाडूंवर आणि गावावर पैसा खर्च केला. १९९० मध्ये त्याच शहरात, त्याच मैदानात सुमारे २९ लाख प्रेक्षक आले. अकरा वर्षांत शहर बदललं नव्हतं, मालक बदलला होता. अगदी अलीकडचं बघायचं तर २ ऑक्टोबर २०१९ चा एका सामन्याचा बाद फेरीचा मुकाबला घ्या. ५४,००५ लोक आले होते. त्या प्रकारच्या सामन्याचा तो विक्रम होता. टॅम्पा बेने पहिल्याच बॅटरच्या होम रनने सुरुवात केली आणि आपण ५-१ हरलो, पण ड्रम शेवटपर्यंत थांबले नाहीत.

त्यानंतर संघाने मॅट ओल्सन, मॅट चॅपमनसारखे उत्तम खेळाडू एकामागून एक सोडून दिले आणि त्याच सुमारास हंगामी तिकिटांचे दर वाढवले. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. त्या हंगामात १३ जून रोजी चाहत्यांनी ठरवून ‘उलटा बहिष्कार’ केला. म्हणजे नेहमी येत नाही ते सगळे एकाच दिवशी यायचं. २७,७५९ लोक आले, बहुतेकांच्या अंगात ‘विका’ असं लिहिलेले हिरवे टीशर्ट. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं मैदान गप्प झालं. ड्रमसुद्धा. मग एकदम घोषणा उठली की संघ विका. मी तिथे होतो, आणि ती शांतता मला घोषणेपेक्षा जास्त आठवते. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने लास वेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीला मंजुरी दिली.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, आणि ते टाळून चालणार नाही. ओकलंडने तरी हा संघ कुठून आणला? ॲथलेटिक्स १९०१ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला. कॉनी मॅक यांनी पन्नास वर्षं तो सांभाळला, पाच विजेतेपदं मिळवली. १९२९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो कब्ज ८-० ने पुढे असताना एकाच इनिंगमध्ये दहा धावा काढून सामना जिंकला, तो याच संघाने. १९५५ मध्ये संघ कॅन्सस सिटीला गेला, १९६८ मध्ये ओकलंडला. मग ओकलंडने आज रडायचं कशाला?

मी याकडे असं पाहतो. सतरा-अठरा वर्षं मी कोलिझियमला जात होतो आणि बाकड्यांवर १९७२ च्या, १९८९ च्या, २००१ च्या गोष्टी शेकडो वेळा ऐकल्या. १९२९ च्या त्या दहा धावांची गोष्ट एकदाही कोणी सांगितली नाही. ओकलंडच्या यादीत ते विजेतेपद होतं, मनात नव्हतं. फिलाडेल्फियाची आठवण फिलाडेल्फियातून उचलली गेली आणि ओकलंडमध्ये रुजली नाही. फिलाडेल्फियावर अन्याय झाला म्हणून ओकलंडवरचा अन्याय न्याय्य ठरत नाही. उलट असं दिसतं की हे स्थलांतर दर वेळी एका शहराची स्मृती बेवारस करतं आणि पुढच्या शहराच्या हातात कोरडी आकडेवारी देतं. १९२९ फिलाडेल्फियाला परत द्यावं, हेही माझ्या मागणीत धरा.

कॅन्सस सिटीचा धडा तर कायद्याचाच आहे. संघ गेल्यावर तिथले सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांनी बेसबॉलच्या विशेष सवलतीवर बोट ठेवलं. १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अमेरिकेत बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे, अशी सूट दुसऱ्या कुठल्याही मोठ्या खेळाला नाही. ती काढून घेण्याचा विषय निघाला आणि १९६९ मध्ये कॅन्सस सिटीला रॉयल्स हा नवा संघ मिळाला. म्हणजे लीगला शहरांचं ऐकता येतं, कोणी ऐकायला लावलं तर.

त्याहून स्पष्ट उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. १९९५ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सच्या मालकाने संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. शहर कोर्टात गेलं आणि १९९६ मध्ये तडजोड झाली. मालकाने माणसं न्यावीत, करार न्यावेत. नाव, रंग, विक्रम, इतिहास क्लीव्हलंडमध्येच राहील. बाल्टिमोरचा संघ नव्या नावाने शून्यापासून सुरू झाला आणि पुढे स्वतःची विजेतेपदं मिळवली. क्लीव्हलंडमध्ये १९९९ मध्ये ब्राउन्स परत आले. त्याच काळात ओहायो राज्याने कायदा केला. करदात्यांच्या पैशांचा आधार घेतलेल्या संघाला हलायचं असेल तर सहा महिने आधी सूचना द्यायची आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यायची. कोलंबसचा सॉकर संघ टेक्सासला नेण्याचं घाटत होतं तेव्हा राज्याने या कायद्याचा आधार घेऊन दावा लावला, आणि संघ शेवटी स्थानिक मालकांकडे राहिला.

हे वाचताना मला २१ मे २०१७ चा दिवस आठवतो. आयपीएलचा अंतिम सामना, हैदराबाद. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने हरलो. मी रविवारी सकाळी फ्रीमाँटच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो सामना पाहिला होता आणि दिवसभर कोणाशी धड बोललो नव्हतो. रायझिंग पुणे सुपरजायंटची ती शेवटची मॅच. दोन वर्षांसाठी काढलेला संघ दोन वर्षांनी संपला. आज त्याच मालकाचा संघ लखनऊला आहे, नावात ‘सुपर जायंट्स’ तसंच आहे. पुण्याला त्या एका धावेचं काही दुःख मांडायचं असेल तर ते कुठे मांडायचं? गहुंजेच्या मैदानावर त्या संघाची साधी पाटी तरी असावी, असं मला वाटतं. दोन वर्षांच्या संघाबद्दल हे वाटतं, तर ५७ हंगामांच्या संघाबद्दल ओकलंडच्या माणसाला काय वाटत असेल?

एक गोष्ट मलाही मान्य करावी लागते. २००६ मध्ये संघाने फ्रीमाँटमध्ये नवं मैदान बांधायची योजना जाहीर केली तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो. घरापासून दहा मिनिटं. ती योजना २००९ मध्ये बारगळली. मधल्या काळात ओकलंडच्या लोकांना काय वाटत असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. आपल्या दारात येणारा संघ दुसऱ्याच्या दारातून उठून येतो, हे येणाऱ्या बाजूला दिसत नाही. लास वेगासला ते दिसत नसेल तर मला समजतं. म्हणूनच हे लोकांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही, करारात लिहावं लागतं. शहर जमीन देतं, रस्ते बांधतं, कर्जरोखे काढतं, कर माफ करतं, तेव्हाच कलम घालावं की संघ हलला तर नाव आणि इतिहास इथेच राहील. असं कलम असेल तर मालक हलायच्या आधी दोनदा विचारही करील, कारण जुन्या नावाची टोपी नव्या गावात विकता येणार नाही.

मला शेवटी २०१२ चा ऑक्टोबर सांगायचा आहे, कारण तो माझा आहे. डेट्रॉइटविरुद्ध चौथा सामना, नवव्या इनिंगमध्ये आपण ३-१ मागे. तीन फटक्यांत बरोबरी झाली आणि मग कोको क्रिस्पच्या फटक्यावर सामना जिंकला. पादचारी पुलावरून परतताना अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. दुसऱ्या रात्री डेट्रॉइटचा पिचर जस्टिन व्हर्लँडर याने एकही धाव दिली नाही, ६-० ने हंगाम संपला. डेट्रॉइटचे खेळाडू मैदानात आनंद साजरा करत होते आणि कोलिझियममधून कोणी हललं नाही. लोक उभे राहून ‘लेट्स गो ओकलंड’ म्हणत राहिले. हरलेले खेळाडू आतून परत बाहेर आले आणि टोप्या उंचावून उभे राहिले. त्या घोषणेत शहराचं नाव होतं, संघाचं नव्हतं. शेवटच्या सामन्यानंतर २०२४ मध्ये व्यवस्थापक मार्क कॉट्से माइक हातात घेऊन मैदानात आले तेव्हाही त्यांनी लोकांना तीच घोषणा द्यायला लावली.

पश्चिम ओकलंडच्या रायमोंडी पार्कमध्ये २०२४ पासून बॉलर्स नावाचा छोटा संघ खेळतो. चाहत्यांनी त्याचे समभाग घेतले आहेत, आणि २०२५ मध्ये त्याने पायोनियर लीग जिंकली. तिथे ड्रम आहेत, तेच झेंडेवाले आहेत. ॲथलेटिक्स हे नाव आणि ती चार विजेतेपदं ओकलंडकडे परत आली तर ती ठेवायला जागा आहे, सांभाळायला माणसं आहेत. ज्या ३० मालकांनी एका बैठकीत संघ हलवायला हात वर केले, त्यांना २०२८ च्या आत आणखी एक बैठक घेता येईल.